आजी, तुम्हीच बोला: साठीनंतर दवाखान्यात आपलं म्हणणं कसं मांडावं

मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या ओपीडीत सकाळी जाऊन बघा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून पहाटेची गाडी धरून आलेली माणसं बाकांवर बसलेली असतात. अथणी, विजापूरकडचीही असतात. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि "एकदा मिरजेला दाखवून या" हे आपल्याकडं घरोघरी ऐकू येणारं वाक्य झालं. एवढ्या लांबून आलेली आजी डॉक्टरांसमोर बसते, तेव्हा मात्र तिच्या तोंडून दोनच शब्द निघतात: "होय साहेब." बाकी सगळं मुलगा सांगतो.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं अशाच एका ओपीडीत सिस्टर म्हणून गेली. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उभी राहून मी हे रोज बघत होते. आता निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत याच विषयावर बोलते. माझं सांगणं एवढंच, की साठी-सत्तरीनंतर उपचार नीट व्हायचे असतील तर ज्याचं दुखतंय त्यानं स्वतः बोललं पाहिजे. प्रश्न विचारला तर डॉक्टरांना राग येईल, ही भीती आपल्या मनात फार खोल बसलीय. काही डॉक्टर चिडतात, नाही असं नाही. पण बहुतेकांना नीट सांगणारा पेशंट हवाच असतो, कारण त्यांचाही वेळ वाचतो.

खाली सांगितलेलं सगळं एका भेटीत जमणार नाही. पुढच्या तारखेला यातलं एखादं करून बघा.

घरून निघण्याआधी

आदल्या रात्री एका कागदावर तीन गोष्टी लिहा. तीनच. जिची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वर. आपण काय करतो, गुडघ्यापासून सुरुवात करतो, मग चष्मा, मग भूक, आणि खुर्चीतून उठता उठता म्हणतो, "आणि साहेब, परवा न्हाणीत जरा तोल गेला होता." तोवर पुढच्या पेशंटचा केसपेपर टेबलावर आलेला असतो. म्हातारपणी तोल जाणं ही सगळ्यात आधी सांगायची गोष्ट आहे, ती दारात उभं राहून सांगायची नाही.

लिहिता येत नसेल तर नातवंडाला बसवा, पण शब्द तुमचे असू द्यात. तुम्ही "ठणकतंय" म्हणालात तर त्यानं "वेदना" लिहू नये. प्रत्येक तक्रारीपुढं चार गोष्टी हव्यात: कधीपासून, दिवसातून कधी, कशानं वाढतं, कशानं उतरतं. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा. "बेंदरापासून" म्हटलं तरी इथल्या डॉक्टरांना महिना कळतो. "लई दिवस झालं" यातून कुणालाच काही कळत नाही.

घरी बीपीचं मशीन असेल तर आठवडाभराची मोजणी वहीत लिहून न्या. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवा, चहा-तंबाखू झाल्या झाल्या मोजू नका, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. दवाखान्यात गेल्यावर धास्तीनं अनेकांचं बीपी चढतं, आणि त्या एका आकड्यावर गोळी वाढते. वही समोर ठेवली की डॉक्टर आकडा वेगळ्या नजरेनं बघतात. उठून उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येत असेल तर स्पष्ट म्हणा, "माझं बीपी बसून आणि उभं करून, दोन्ही मोजा." उभं राहिल्यावर बीपी खाली जाणं म्हातारपणी नेहमीचं आहे, पण उभं करून मोजल्याशिवाय ते सापडत नाही.

लांबून येणाऱ्यांनी एक फोन आदल्या दिवशी करावाच: "उपाशी पोटी यायचं का? सकाळची साखरेची गोळी घ्यायची का?" जतहून पहाटे निघालेला माणूस गोळी घेऊन, रक्त द्यायचं म्हणून उपाशी, बारा वाजेपर्यंत बाकावर बसतो आणि तिथंच घाम फुटून थरथरायला लागतो. ही साखर उतरल्याची खूण आहे. असं झालं तर नंबरची वाट बघू नका, तिथल्या सिस्टरला हाक मारा आणि साखर किंवा गोड चहा तोंडात जाऊ द्या. पिशवीत भाकरीचा डबा आणि चार खडीसाखरेचे खडे असू द्यात. परतीची शेवटची गाडी कधीची आहे तेही आल्या आल्या काउंटरवर सांगून ठेवा. सरकारी दवाखान्यात, मग ते सांगलीचं सिव्हिल असो की साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, ज्येष्ठांसाठी वेगळी रांग कुठं आहे ते विचारा. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातच ती तरतूद आहे. मागायला संकोच नको.

सोबत कोण, आणि त्यानं काय करायचं

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय होतंय?" आजींनी तोंड उघडलं, तोवर मुलगा म्हणाला, "काही नाही सर, जेवतच नाही नीट. अशक्तपणा आलाय. सलाईन लावून टाका." आजी पुटपुटल्या, "तसं न्हवं बाळा..." "आई, तू थांब गं, मी सांगतोय न्हवं." आजींनी पदर सावरला आणि खाली बघितलं. तपासायच्या टेबलावर चढताना मी हात दिला, तेव्हा त्यांनी हळूच गालावर बोट ठेवून सांगितलं, "कवळी रुततीया. चावताच येत न्हाई." हिरडीला मोठी जखम झालेली होती. मुलगा कामाचा खाडा करून, प्रेमानंच आला होता. पण त्याच्या प्रेमात आजींचा आवाज बुडाला.

म्हणून घरातून निघतानाच ठरवून टाका: "आधी मी बोलणार. माझ्याकडून राहिलं तर तू सांग." सोबतच्याची कामं वेगळी आहेत. फाईल धरायची, डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यायचं, आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चिठ्ठीशी ताडून बघायच्या. डॉक्टरच मुलाकडं बघून बोलायला लागले तर शांतपणे म्हणा, "साहेब, मलाच सांगा, मला कळतंय. हा लिहून घेईल." यात उद्धटपणा कसलाच नाही.

कानाला कमी येत असेल तर बसल्या बसल्या पहिलं वाक्य तेच बोला: "डाव्या कानानं ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं आणि माझ्याकडं बघून बोला." न ऐकता मान हलवणं हे गोळ्यांच्या चुकांचं मोठं कारण आहे. डॉक्टर इंग्रजीत बोलत असतील तर मराठीत सांगा म्हणावं. जतच्या पूर्व भागातल्या ज्यांना कन्नडच सोपं जातं त्यांनी तसं सांगावं, मिरजेत कन्नड जाणणारं कुणी ना कुणी सापडतं.

सोबतच्या माणसापुढं बोलता येणार नाही असं काही असेल, घरचा त्रास असेल, तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" एवढं पुरे. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर बाईमाणूस हजर असण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, वय सत्तर असो की सतरा.

आई-वडिलांना विसर पडायला लागला असेल तर अर्थातच मुलांना जास्त बोलावं लागतं. तेव्हाही त्यांच्यासमोर, त्यांना सामील करून बोला. "तिला काही कळत नाही" हे वाक्य तिच्या देखत उच्चारू नका.

त्रास सांगा, आजाराचं नाव डॉक्टरांवर सोडा

"पित्त झालंय." "गॅस धरलाय." "वाताचं दुखणं हाय." आपण दवाखान्यात शिरतो ते निदान हातात घेऊनच. गर्दीच्या वेळी डॉक्टरही तेच धरून चालतात, आणि पित्ताची गोळी मिळते. यातला धोका छातीच्या बाबतीत सगळ्यात मोठा आहे. वय झालेल्या माणसाचा, त्यातून मधुमेह असेल तर, हृदयविकाराचा झटका दर वेळी छातीत कळ घेऊन येत नाही. नुसता घाम, दम लागणं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटणं, मळमळ, एकाएकी गळून गेल्यासारखं होणं, एवढ्यावरही तो येतो. "गॅस" हा शब्द न वापरता जे होतंय ते सांगा: "जिना चढले की इथं जड होतं, थांबले की कमी होतं." हे एक वाक्य ऐकून डॉक्टर ईसीजी काढायला सांगतील. आणि घाम फुटून असं अचानक झालं तर ओपीडीच्या तारखेची वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

दुखण्याचे आपल्याकडं किती शब्द आहेत, ते सगळे वापरा. ठणकणं, ठसठसणं, टोचणं, रुतणं, चमक मारणं, कळ येणं, आग होणं, भगभगणं, मुंग्या येणं, बधिर होणं, आखडणं, जड वाटणं. डॉक्टरांना प्रत्येक शब्दातून वेगळी वाट दिसते. तळपायाची आग आणि मुंग्या म्हटलं की शिरांच्या त्रासाचा विचार होतो. कमरेतून पायात चमक उतरते म्हटलं की मणक्याचा. चाललं की पोटरीत गोळे येतात आणि उभं राहिलं की थांबतात, असं सांगितलं तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या जातात. नुसतं "पाय दुखतात" म्हटलं तर या तिघांनाही तीच वेदनाशामक गोळी मिळू शकते.

आणि "आता वय झालं" हे उत्तर. ते मिळालं की आपण गप्प उठतो. उठू नका. पूर्वी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही ते सांगा. "दिवाळीत मी मळ्यापर्यंत चालत जात होते, आता ओसरी उतरले की धाप लागते. चार महिन्यांत एवढं कशानं झालं?" असं विचारलं की वयावर बोट ठेवून विषय संपत नाही. रक्त कमी झालेलं असेल, हृदयाचं काम मंदावलं असेल, थायरॉईड असेल, नव्या गोळीचा परिणाम असेल. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

लाजेनं राहून जाणाऱ्या गोष्टी

लघवी कपड्यात होणं, अंग बाहेर येणं, बद्धकोष्ठता, पाळी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणं, मूळव्याध समजून दडवलेलं रक्त, पुरुषांना लघवीला कुंथावं लागणं, रात्र रात्र झोप नसणं, मन उदास राहणं, जगण्यात काही राम वाटत नाही असे विचार. यातली एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नाही. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी सांगा, त्याची तपासणी लागतेच. अंग बाहेर येण्याचा त्रास वर्षानुवर्षं सोसून, उसाची मोळी उचलत राहिलेल्या बाया मी पाहिल्यात; त्यावर रिंग बसवण्यापासून ऑपरेशनपर्यंत उपाय आहेत. तोंडानं बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढं सरकवा. आधी सिस्टरला सांगितलं तरी चालतं, ती डॉक्टरांपर्यंत पोचवते.

मिश्री, तंबाखू, दारू यांचंही खरं सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच. ते हिशेब मागत नसतात, औषधाचं प्रमाण ठरवत असतात.

गोळ्यांची पिशवी

एकच काम करायचं असेल तर हे करा. घरात जेवढी म्हणून औषधं आहेत तेवढी एका पिशवीत भरा आणि घेऊन जा. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या तर आल्याच. गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या पुड्या, मेडिकलमधून आपणच मागून आणलेली अंगदुखीची गोळी, झोपेची गोळी, सर्दीची, आयुर्वेदिक चूर्ण, काढे, डोळ्यांचे थेंब, शेजारणीनं दिलेली पट्टी, सगळं. टेबलावर ओता आणि म्हणा, "साहेब, हे सगळं मी घेते. यातलं काय चालू ठेवू, काय बंद करू?"

ही पिशवी ओतली की काय काय बाहेर पडतं! एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं, दोन डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि माणूस दोन्ही घेतोय. हृदयाच्या डॉक्टरांना हाडाच्या डॉक्टरांनी काय दिलं ते माहीत नाही, आणि दोघांनाही गावातल्या पुड्यांचा पत्ता नाही. हे सगळं एका अंगात जातंय हे फक्त तुम्हालाच माहीत असतं.

काही गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. बीपीची गोळी, लघवी साफ करणारी पाण्याची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्ही एकत्र चालू असतील तर मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागल्यावर तो जास्तच. "गुडघ्याची गोळी रोज घेते, किडनीची तपासणी करायची का?" हा प्रश्न योग्य आहे. ॲम्लोडिपिन चालू असताना घोट्याला सूज आली, किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल चालू असताना कोरडा खोकला लागला, तर तो त्या गोळीचाच परिणाम असू शकतो. नाहीतर सुजेसाठी आणखी एक गोळी, खोकल्यासाठी आणखी एक बाटली, असं वाढतच जातं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्यात बी-१२ कमी होऊ शकतं. तळपायाला मुंग्या येत असतील तर ते तपासायला सांगा. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकू शकते. झोपेच्या गोळीनं रात्री तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी दाताच्या डॉक्टरांनाही सांगा.

पण हे वाचून उद्यापासून एखादी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. झोपेच्या आणि बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात. विचारायचं, आणि त्यांच्या सांगण्यानं कमी करायचं.

सत्तरीनंतर साखर किती खाली आणायची हेही विचारा. तरुण माणसाला जो आकडा ठरवतात तोच ऐंशीच्या आजोबांना लावला तर साखर उतरून पडण्याची भीती असते; वय, बाकीचे आजार आणि एकटे राहता की कुणासोबत, हे बघून डॉक्टर आकडा सैल करू शकतात. एकादशी, चतुर्थी करत असाल तर लपवू नका. "उपवास सोडा" एवढंच ऐकायला मिळेल या भीतीनं माणसं सांगत नाहीत, आणि उपाशी पोटी साखरेची गोळी घेतात. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे विचारा, उत्तर मिळतं.

औषध परवडत नसेल तर तेही बोला. एक दिवसाआड गोळी खाऊन महिना काढणारी माणसं डॉक्टरांना "घेतोय की रोज" म्हणतात. मग बीपी उतरत नाही म्हणून आणखी महाग गोळी येते. "साहेब, एवढं झेपत नाही, जनऔषधीत मिळेल असं लिहून द्या" असं म्हणा. औषधाचं मूळ नाव, सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घेतलं पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही, तसंच ठरावीक लॅबचीही नाही.

आणि सलाईन, इंजेक्शन स्वतःहून मागू नका. बाटली लावली की बरं वाटतं हा आपल्या भागातला जुना समज आहे. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नको तेव्हा दिलेलं सलाईन अंगात पाणी साठवू शकतं. कुणी लावायला निघालं तर "कशासाठी?" एवढं विचारा.

उठण्याआधी

चिठ्ठी हातात पडली की लगेच उठायचं नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: "म्हणजे ही पांढरी सकाळी जेवणाआधी, ही लाल रात्री, आणि जुनी पिवळी बंद. बरोबर ना साहेब?" चूक असेल तर तिथंच सापडते. मग एवढं विचारा: मला नक्की काय झालंय? ही तपासणी कशासाठी, आणि ती केल्यानं उपचार बदलणार आहेत का? काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि रात्री अकराला खेड्यात बसून "न्यावं का थांबावं" यावर घरात वाद घालतात.

डॉक्टर घाईत असतील तर, "तुमची गर्दी दिसतीय, दोनच प्रश्न आहेत," अशी सुरुवात करा. मग दोनच विचारा. तरीही झिडकारलं तर बाहेर येऊन सिस्टरकडून समजून घ्या, आणि पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर बघा.

"ॲडमिट व्हा", "ऑपरेशन करा"

इथं सही करायची वेळ येते, आणि आपल्याकडं पेन मुलाच्या हातात दिलं जातं. तुम्ही शुद्धीवर असाल, तुम्हाला कळत असेल, तर संमती तुमचीच लागते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात हे स्वच्छ केलं. तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी समीरा यांचं गर्भाशय काढलं होतं. सज्ञान रुग्णाच्या वतीनं आईची संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. मग तुमच्या गुडघ्याचा निर्णय मुलगा, जावई मिळून बाहेर व्हरांड्यात का घेतील?

सहीआधी कागद मराठीत वाचून दाखवायला सांगा. नेमकं काय करणार, माझ्या वयात धोका काय, दुसरा उपाय आहे का, नाहीच केलं तर काय होईल, किती दिवस अंथरुणावर, अंदाजे खर्च किती. तातडीचं नसेल तर "घरी विचार करून दोन दिवसांत सांगते" म्हणायची पूर्ण मुभा आहे. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि सांगली, मिरज, साताऱ्याजवळ कराड, इथं त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांचं मत आधी सांगू नका. रिपोर्ट द्या, त्रास सांगा, त्यांना स्वतः बघू द्या.

पैशाचं आधी बोला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधी तिथं जा. हेल्पलाइन १५५३८८. वय सत्तर किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. फोन १४५५५. आजारी पडायच्या आधी काढा. दाखल झाल्यावर अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून धावपळ करणारी कुटुंबं मी पाहिलीत.

कागद तुमचे आहेत

दाखल असतानाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात आणि रुग्णालयानं ते ३ वर्षं जपून ठेवायचे असतात, असा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतला नियम आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. घरी एकच फाईल ठेवा, नवा कागद वर. पहिल्या पानावर आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं आणि रक्तगट, एवढं मोठ्या अक्षरांत. गोळी बदलली की ते पान बदला.

वागणूक वाईट मिळाली, बिल पटलं नाही, तर आधी तिथल्याच व्यवस्थापनाकडं लेखी द्या. २०२१ मध्ये राज्याचे नर्सिंग होम नियम सुधारले, तेव्हापासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. भिंतीवर दिसलं नाही तर विचारा. पुढची पायरी सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत महापालिकेचे आरोग्य अधिकारी, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. कुठं जावं तेच कळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

बोलता येणार नाही त्या दिवसासाठी

हे अवघड आहे, म्हणून घरात कुणी काढत नाही. बरा होण्याची आशा संपल्यावर मला श्वासाच्या मशीनवर ठेवायचं की नाही, हे आपण शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यायची. आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावंही त्यात घालायची. मत बदललं तर कागद बदलता येतो. तो करण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बसून बोला, कुठल्या उपचाराला हो आणि कुठल्याला नाही हे त्यांच्याकडून नीट समजून घ्या, मग मुलांना एकत्र बोलावून वाचून दाखवा. एक प्रत त्या डॉक्टरांकडं द्या, एक आजाराच्या फाईलमध्ये पहिल्या पानामागं लावा, आणि फाईल कुठल्या कपाटात आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.